शाश्वत ऊर्जा व हवामानविषयक संशोधन आणि अभियांत्रिकी प्राध्यापकांची भरती : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

हवामानबदल आणि ऊर्जा या विषयांवर आज चर्चासत्रांचा तोटा नाही. केंद्र शासनाने 2008 मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय हवामानबदल कृती आराखड्यात आठ अभियाने होती आणि त्यांपैकी एक केवळ ज्ञाननिर्मितीसाठी होते. मात्र हे ज्ञान निर्माण करणारा अध्यापक विद्यापीठात कोणत्या वाटेने येतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात अभियांत्रिकी अध्यापकांच्या भरतीप्रक्रियेची या अंगाने चिकित्सा केली आहे.

प्रश्नाचे स्थानिक स्वरूप :

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याच्या हसनाबाद परिसराचे उदाहरण घेता येईल. हा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. येथे पाणी मुख्यतः खडकाच्या झिजलेल्या थरात व भेगांत साठते आणि ते मर्यादित असते. 1972 च्या आणि 2012-13 च्या दुष्काळाने जालना जिल्हा होरपळला. दुसऱ्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. आता पंतप्रधान कुसुम योजना (2019) व राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना (2024) यांमुळे शेतोशेती सौरपंप येत आहेत. रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे होणारे जागरण टळते, डिझेलचा खर्च वाचतो आणि कार्बन उत्सर्जनही घटते, हे लाभ निर्विवाद आहेत. परंतु पंप बसल्यावर उपशाचा चालू खर्च जवळजवळ शून्यावर येतो. अशा वेळी विहिरीचा तळ लवकर गाठला जाण्याचा धोका संभवतो. ऊर्जेचा प्रश्न सुटताना पाण्याचा प्रश्न बिकट होऊ शकतो, तो असा.

या प्रश्नाचा अभ्यास करू शकेल असा संशोधक विद्युत, भूजल आणि पीकपद्धती या तिन्हींची जाण असलेला हवा. समजा, एका उमेदवाराने विद्युत अभियांत्रिकीत पदवी, ऊर्जा विषयात पदव्युत्तर पदवी आणि जलविज्ञानात पीएच.डी. मिळवली आहे. हसनाबादसारख्या गावाला नेमका असाच अभ्यासक हवा. परंतु भरतीच्या जाहिरातीत त्याची जागा कोणती?

भरतीप्रक्रियेतील अडसर :

पहिला अडसर 'संबंधित शाखा' या शब्दप्रयोगाचा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषांत पात्रता शाखेशी बांधलेली असते. त्यामुळे वरील उमेदवार विद्युत विभागाला जलविज्ञानाचा वाटतो, तर स्थापत्य विभागाला विद्युतचा. छाननीतच त्याचा अर्ज बाद होण्याची शक्यता अधिक.

दुसरा अडसर अधिक मूलभूत आहे. पद कार्यभारावरून ठरते आणि कार्यभार पदवीच्या प्रवेशक्षमतेवरून. ज्या विषयाला पदवीचा वर्ग नाही, त्याला पद नाही. आणि पद नाही म्हणून तो विषय उभा राहत नाही. परिषदेने 2018 मध्ये अध्यापक-विद्यार्थी प्रमाण 1:15 वरून 1:20 केले, तेव्हा उरलीसुरली लवचीकताही कमी झाली. रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर नेमणुका करण्याची रीत सर्वपरिचित आहे. मिळालेल्या तासांवर ज्याचे मानधन अवलंबून आहे, त्याने सलग पाच-सहा पावसाळे विहिरींच्या पातळ्या मोजाव्यात, ही अपेक्षाच अन्यायकारक ठरते.

तिसरा अडसर मूल्यमापनाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये गुणांकनाची पद्धत आणली आणि 2018 मध्ये तीत बदल केले. तरी शोधनिबंधांची संख्या मोजण्याची मनोवृत्ती टिकून राहिली. क्षेत्रीय संशोधनाला वेळ लागतो, त्यामुळे तो करणारा उमेदवार मोजदादीत मागे पडतो.

पर्यायी अनुभव :

याला अपवाद महाराष्ट्रातच आहेत. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे 1985 मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र (सितारा) स्थापन झाले. ऊर्जा विषय तेथे आंतरविद्याशाखीय कार्यक्रम म्हणून रुजला आणि 2007 मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग झाला. 2012 मध्ये हवामान अभ्यासाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम सुरू झाला. येथे क्रम उलटा होता. आधी प्रश्नाभोवती विविध विभागांतील अध्यापक एकत्र आले, रचना नंतर आली. जालन्यासह 15 जिल्ह्यांत 2018 पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी याच संस्थेने गावपातळीवरील पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत विकसित केली.

मात्र या अनुभवाचे आंधळे अनुकरण उपयोगाचे नाही. तेथील स्वायत्तता व निधी राज्य विद्यापीठांपाशी नाही. शिवाय जालन्याच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी मुंबईकडे पाहावे लागते, ही बाब मराठवाड्यातील अभियांत्रिकी शिक्षणाच्या मर्यादेवर बोट ठेवते. जालना शहरातच 2018 पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर आहे, विजेवर चालणाऱ्या भट्ट्यांचा पोलाद उद्योग आहे. संशोधनाचा विषय दाराशी आहे, उणीव आहे ती कायम अध्यापकाची.

आयोगाच्या 2022 च्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या तरतुदीकडे काहीजण उपाय म्हणून पाहतात. परंतु ही नेमणूक मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत व अल्पमुदतीची आहे. अनुभवी तज्ज्ञ वर्गात येणे स्वागतार्ह असले, तरी दीर्घकालीन संशोधनाचा भार त्यावर टाकता येणार नाही.

निष्कर्ष :

समस्या उमेदवारांच्या अभावापेक्षा पदांच्या व्याख्येत अधिक आहे. आरक्षणाची बिंदुनामावली काटेकोर पाळूनही प्रत्येक विद्यापीठाला काही पदे विषयक्षेत्रानुसार जाहीर करता येतील. अशा पदावरील अध्यापकाचा कार्यभार दोन विभागांत विभागता येईल आणि निवड समितीत दोन्ही शाखांचे तज्ज्ञ बसवता येतील. क्षेत्रीय नोंदी व शासनाला दिलेले तांत्रिक अहवाल यांना शोधनिबंधाइतकेच मूल्य द्यावे लागेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 विद्यार्थ्याला शाखांच्या भिंती ओलांडण्याची मुभा देते. तीच मुभा अध्यापकाला नाकारणे विसंगत आहे. हसनाबादच्या शेतकऱ्याच्या विहिरीला शाखा नसते. तिचा अभ्यास करणाऱ्याला मात्र आधी शाखा सिद्ध करावी लागते, हा या भरतीप्रक्रियेतील मुख्य दोष होय.