‘दास’ या मुद्रेचा अर्थ : रेव्हरंड टिळकांची प्रार्थना आणि लक्ष्मीबाईंची साक्ष

मराठी ख्रिस्ती काव्याविषयी लिहिताना आपल्या समीक्षेने एक सोयीचे सूत्र पत्करले आहे : आशय ख्रिस्ती, अभिव्यक्ती वारकरी. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली प्रथम मुद्रित झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’लाही हेच सूत्र लावले जाते आणि तीन शतकांनंतरच्या नारायण वामन टिळकांच्या अभंगांनाही. अभंगाला भांडे आणि श्रद्धेला त्यातील पाणी मानणारी ही भूमिका टिळकांवर अन्याय करतेच, पण अभंगावरही करते. ज्या रचनाबंधातून शतकानुशतके एका विशिष्ट नात्याचा उच्चार झाला, तो रचनाबंध दुसऱ्या दैवताला वाहताना ते नाते जसेच्या तसे राहील असे मानणे भाबडेपणाचे आहे. टिळकांच्या प्रार्थनाकाव्यात नेमके काय घडते हे पाहायचे तर त्यांच्या एकाच शब्दाकडे लक्ष द्यावे. तो शब्द म्हणजे त्यांची मुद्रा : ‘दास’.

संतांच्या मुद्रा सामान्यतः नावाच्या असतात. तुका, नामा, चोखा, जनी ही माणसे आपल्या नावानिशी देवापुढे उभी राहतात. एकनाथ आपल्या नावाला गुरूचे नाव जोडून घेतात. रामदासांच्या रचनांत ‘दास’ येतो, परंतु तेथे तो धारण केलेल्या नावाचाच अंश आहे. टिळकांनी मात्र नाव टाकून केवळ नाते ठेवले. ‘नारायण’ हे नाव ख्रिस्ती अभंगाच्या अखेरीस अडचणीचे झाले असते, हे या निवडीचे व्यावहारिक स्पष्टीकरण देता येईल. ते पुरेसे मात्र नाही. ‘दास’ म्हटल्याबरोबर एक प्रश्न उभा राहतो : कोणाचा, आणि कोणत्या कामाचा?

वारकरी परंपरेत या प्रश्नाचे उत्तर मोठे विलक्षण आहे. तेथे बऱ्याचदा देवच दास होतो. तो जनीबरोबर दळतो, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो, चोखोबांबरोबर मेलेली ढोरे ओढतो. भक्ताच्या हलक्या मानलेल्या श्रमात देवाने हात घालावा, ही या परंपरेची श्रेष्ठ कल्पना आहे. शुभवर्तमानातही गुरू शिष्यांचे पाय धुतो. परंतु योहानाच्या तेराव्या अध्यायातील तो प्रसंग तेथेच संपत नाही. मी जे केले ते तुम्ही एकमेकांसाठी करा, अशी आज्ञा त्याला जोडलेली आहे. देवाने भक्तासाठी केलेले काम वारकरी कथेत कृपा म्हणून उरते. येथे ते भक्तावरचे ऋण होते आणि ते शेजाऱ्याकडे फेडायचे असते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर भुकेल्याला दिलेले अन्न हेच न्यायाचे माप ठरते.

म्हणून कोणी असे म्हणेल की करुणा मिशनबरोबर आली, तर ते साफ चुकीचे आहे. पीडितांना आपले म्हणणारा तोच साधू, ही तुकोबांची कसोटी मराठी माणसाला कोणत्याही पाद्र्याच्या आधी ठाऊक होती. आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, हे टिळकांचे प्रतिपादन प्रसिद्धच आहे. फरक करुणेत नसून तिच्या व्यवस्थेत आहे. एकोणिसाव्या शतकात सेवा ही शाळा, दवाखाना, अनाथगृह यांच्या रूपाने संस्था झाली. तिला जमाखर्च आला, पगार आला, वरिष्ठ आले. प्रार्थना करणारा आणि सेवा करणारा यांच्यामध्ये मिशन ही तिसरी गोष्ट उभी राहिली. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले; ‘ज्ञानोदय’ तेथूनच १८४२ मध्ये निघाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक याच मिशनमध्ये नगरला काम करीत राहिले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांची बरीच प्रार्थनागीते या चाकरीच्या काळातली आहेत, हे विसरता कामा नये. प्रभूचा दास आणि मिशनचा नोकर ही दोन पदे एकाच देहात किती दिवस नांदणार? १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. चरित्रकार या घटनेकडे आध्यात्मिक उन्नतीची पायरी म्हणून पाहतात. मला ती मुद्रेची अटळ परिणती वाटते. ज्याने आपल्या कवितेत नाव टाकून ‘दास’ एवढेच ठेवले, त्याला पगारपत्रकावरचे नाव फार काळ सोसले नसते.

येथवरचा युक्तिवाद टिळकांच्या बाजूचा झाला, आणि भक्तिकाव्याची समीक्षा बहुधा येथेच थांबते. कवीची तळमळ खरी होती, जीवन कवितेशी सुसंगत होते, असा निर्वाळा दिला की तिचे काम संपते. परंतु मराठीला एक दुर्मिळ भाग्य लाभले आहे. या कवीच्या सेवाभावाची घरातून दिलेली साक्ष आपल्यापाशी आहे. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३७) हे पुस्तक आपण आत्मचरित्र म्हणून, स्त्रीलेखन म्हणून, विनोदी गद्याचा नमुना म्हणून वाचतो. ते प्रार्थनाकाव्यावरील भाष्य म्हणून कोणी वाचत नाही. टिळक कोणालाही घरी आणतात, हातचे देऊन टाकतात, बाजारहाटाचे पैसे भलतीकडे जातात. ही औदार्याची चित्रे आहेत यात शंका नाही. मात्र त्या औदार्याचे बिल चुलीपाशी येते, हे लक्ष्मीबाई प्रत्येक वेळी नोंदवतात. तक्रारीचा सूर नाही, हिशेब मात्र पक्का आहे. ‘दास’ जेव्हा सर्वस्व अर्पण करतो तेव्हा त्या सर्वस्वात दुसऱ्या कोणाचा वाटा असतो काय, हा प्रश्न अभंगाला विचारता येत नाही, कारण अभंगात देव आणि भक्त एवढीच दोन माणसे असतात. गद्याला तो विचारता येतो.

लक्ष्मीबाईंची स्वतःची श्रद्धाही याच वाटेने आली. पतीच्या धर्मांतरानंतर त्या पंढरपुरात राहिल्या, पुढे नगरला आल्या, आणि त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधल्या वर्षांचे त्यांनी केलेले वर्णन हे एखाद्या सिद्धान्ताच्या स्वीकाराचे वर्णन नाही. सोवळे कसे एकेका घोटाने, एकेका घासाने सुटत गेले, त्याची ती कथा आहे. टिळकांना ख्रिस्त प्रथम ग्रंथातून भेटला. आगगाडीत एका अपरिचित युरोपियनाने त्यांच्या हाती नवा करार दिला होता. लक्ष्मीबाईंना तो पाण्याच्या भांड्यातून भेटला. प्रार्थना आधी की सेवा आधी, या ईश्वरविद्येतील जुन्या वादाला या दांपत्याने दोन विरुद्ध टोकांकडून उत्तर दिले आहे.

आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो अधिक अवघड आहे. ही गीते गाणार कोण होते? नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. ज्या ब्राह्मणाने जात सोडून ‘दास’ होणे पत्करले, त्याच्यासाठी हा शब्द त्यागाचा होता. ज्याच्या घरात वेठ आणि महारकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्याच्यासाठी तो काय होता? सेवा हे त्याचे व्रत नव्हते, ते त्याचे वतन होते. आणि ही वतने मुंबई राज्यात कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. एका बाकावर बसून दोघांनी एकच अभंग म्हटला तरी ‘दास’ या शब्दाचे वजन दोघांच्या ओठांवर सारखे असणे शक्य नाही. माझा निष्कर्ष असा नाही की गाणाऱ्यांनी हा शब्द मुकाट्याने सोसला. गावकीचा चाकर असलेला माणूस जेव्हा आपण केवळ प्रभूचे चाकर आहोत असे मोठ्याने म्हणतो, तेव्हा पाटलाची चाकरी तो मनातल्या मनात नाकारत असतो. तोच शब्द एकाकडे नम्रतेचा, दुसऱ्याकडे सुटकेचा. मात्र हे टिळकांनी घडवले असे म्हणणे धाडसाचे होईल. हे गाणाऱ्यांनी घडवले. आमच्या कडा-आष्टी भागातून नगर फार दूर नाही, आणि पदव्युत्तर वर्गात हा विषय निघाला की ऊसतोडीच्या घरातून आलेले विद्यार्थी ‘सेवा’ या शब्दाशी आधी थबकतात, असा अनुभव आहे. ते थबकणे समीक्षेने शिकण्यासारखे आहे.

पंडिता रमाबाईंना या शब्दांच्या वजनाची जाण अधिक होती. मूळ भाषांवरून केलेल्या त्यांच्या बायबलच्या भाषांतरात (त्या १९२२ मध्ये वारल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला) जुन्या धर्माचा वास असलेले संस्कृत शब्द टाळण्याचा आणि केडगावच्या मुक्तिसदनातील अल्पशिक्षित बायकांना कळेल अशी मराठी वापरण्याचा कटाक्ष आहे. स्टीफन्स ‘वैकुंठ’ निःशंकपणे लिहितात, टिळक ख्रिस्ताला माउली आणि गुरू म्हणतात. संस्कृतात तिघांहून अधिक निष्णात असलेल्या रमाबाई मात्र त्या श्रीमंतीकडे पाठ फिरवतात. परिणामी त्यांचे गद्य कित्येक ठिकाणी रुक्ष झाले, आणि मराठी उपासनेने टिळकांना जवळ केले, रमाबाईंना नाही. वाङ्मयीन निकाल टिळकांच्या बाजूने लागतो, हे मान्यच करावे. पण भाषांतरासाठी वाचक आधी ठरवून, आपल्या विद्वत्तेचे वैभव त्या वाचकासाठी खाली ठेवणे, ही भाषेतली सेवा आहे. तिचे मोजमाप रसचर्चेने होणार नाही, एवढ्यावरून ती समीक्षेच्या कक्षेबाहेर जात नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. त्यातील बहुसंख्य अध्याय त्यांचे आहेत, आणि ते पुस्तक १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बाहेर पडले. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारा तोच हात पतीच्या ओव्यांपुढे ओव्या लिहीत होता. जिने दासाचा घरगुती हिशेब इतक्या चोखपणे मांडला, तिने येशूच्या सेवेचे प्रसंग पद्यात आणताना तो हिशेब बाजूला ठेवला की ओवीत मुरवला, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून अध्यायागणिक तपासता येण्यासारखे आहे.