सरासरीचा मोह : ऑपरेटिंग सिस्टिमच्या अध्यापनातील एक उणीव

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा अंतर्भाग शिकविणाऱ्या ग्रंथांत एक उदाहरण वारंवार आढळते. सिल्बरशाट्झ व त्यांचे सहलेखक यांच्या 'ऑपरेटिंग सिस्टिम कन्सेप्ट्स' या 1983 पासून आवृत्त्या निघत आलेल्या ग्रंथामुळे ते सर्वपरिचित झाले. एकाच वेळी उपस्थित झालेल्या तीन कामांना प्रोसेसरचा अनुक्रमे 24, 3 व 3 मिलिसेकंद वेळ हवा आहे. आल्या क्रमाने ती चालविल्यास सरासरी प्रतीक्षाकाल 17 भरतो. लहान कामे आधी उरकल्यास तो 3 वर येतो. दुसरा क्रम श्रेष्ठ, हा निष्कर्ष विद्यार्थ्याच्या मनावर कायमचा ठसतो.

येथील गणित निर्दोष आहे. परंतु श्रेष्ठत्वाची कसोटी कोणती, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात फोक्सवॅगन व मर्सिडीझ-बेंझ यांचे मोटारनिर्मितीचे कारखाने 2009 साली सुरू झाले. अशा कारखान्यातील एखाद्या यंत्रहाताच्या नियंत्रक संगणकावर हीच तीन कामे आहेत, असे समजावे. 24 मिलिसेकंदांचे काम हाताची पुढील हालचाल ठरविण्याचे असून ते 25 मिलिसेकंदांच्या आत संपलेच पाहिजे. उरलेली दोन कामे नोंद ठेवण्याची व पडद्यावर आकडे दाखविण्याची आहेत. त्यांना 40 मिलिसेकंदांची मुदत आहे. पहिल्या क्रमाने कामे 24, 27 व 30 या क्षणी संपतात आणि सर्व मुदती पाळल्या जातात. 'श्रेष्ठ' क्रमाने मात्र यंत्रहाताचे काम 30 व्या मिलिसेकंदास संपते, म्हणजे पाच मिलिसेकंद उशिरा. सरासरी सुधारली आणि हेतू फसला.

सरासरीची कसोटी मुळातच चुकीची होती, असे नव्हे. एक महागडे यंत्र अनेकांनी वाटून वापरावयाचे, त्या परिस्थितीत ती योग्यच होती. परंतु लिऊ व लेलँड यांनी 1973 मध्येच मुदतबद्ध, पुनःपुन्हा येणाऱ्या कामांचा वेगळा विचार मांडला. ज्याची आवर्तने जलद त्याला अग्रक्रम, या नियमाने दोन कामांसाठी प्रोसेसरचा सुमारे 83 टक्के, आणि कामे कितीही वाढली तरी सुमारे 69 टक्के वापर होईपर्यंत मुदती पाळल्या जाण्याची हमी त्यांनी सिद्ध केली. प्रोसेसरचा काही वेळ मोकळा ठेवणे ही उधळपट्टी नसून हमीची किंमत असू शकते, हे यातून दिसते.

हा विषय ग्रंथांत नाही, असा आक्षेप घेता येणार नाही. आय. आय. टी. मुंबईचे धनंजय ढमढेरे यांनीही आपल्या इंग्रजी पाठ्यग्रंथात त्याला स्थान दिले आहे. आक्षेप क्रमाविषयी आहे. सरासरीचे माप मनात पक्के झाल्यावर मुदतीचा विचार पुढे एका उपविभागात येतो, आणि तो अपवाद भासतो.

कार्यक्षमतेच्या परीक्षणातही हीच उणीव जाणवते. 1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुनःपुन्हा आपोआप नव्याने सुरू होत असे. कमी अग्रक्रमाच्या कामाने एक सामाईक साधन अडवून धरलेले असताना मधल्या अग्रक्रमाची कामे पुढे सरकत, आणि सर्वांत निकडीचे काम खोळंबून राही. असा दोष सरासरी भाराच्या आकड्यात दिसत नाही. कोण कोणासाठी थांबले आहे, हे पाहावे लागते.

आज हे पाहण्याची साधने दुर्मिळ नाहीत. मुदतबद्ध कामांना लागणारी पूर्वव्यत्ययाची व्यवस्था 2024 मध्ये लिनक्सच्या 6.12 या आवृत्तीत मूळ गाभ्यात समाविष्ट झाली. 'सायक्लिकटेस्ट' हे साधन कामाची ठरलेली जागृतीची वेळ व प्रत्यक्ष वेळ यांतील अंतर मोजते. त्यात पाहावयाचा आकडा सरासरीचा नसून कमालीचा होय. अर्थात तासन्‌तास मोजलेले कमाल अंतर म्हणजेही सिद्ध झालेली मर्यादा नव्हे, हा विवेक शिकविणे तितकेच अगत्याचे आहे.

तेव्हा जुने उदाहरण टाकून देण्याचे कारण नाही. त्याच्या कोष्टकात 'मुदत' हा एक रकाना पहिल्याच दिवशी वाढविला, तरी पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयातून चाकणच्या कारखान्यात जाणारा विद्यार्थी उत्तर काढण्यापूर्वी कसोटी विचारू लागेल.