विझून बोलणारा दिवा

करमाडला जालना रोडलगतच्या गॅरेजात काकांची जुनी येझदी उभी होती. तक्रार नेहमीचीच : रात्री हेडलाइट पिवळा पडत जातो, सकाळी बॅटरी बसलेली. मिस्त्रींनी पाना उचललाच नाही. चावी दिली, किक मारली आणि चार्जिंगच्या लाल दिव्याकडे बघत राहिले. एका ओळीवर तास घालवणारे आमचे मराठीचे सर आठवले.

म्हैसूरच्या आयडियल जावानं 1961 पासून ज्या गाड्या बनवल्या, त्यांतल्या काकांच्या येझदीसारख्या जुन्या गाड्यांचा डायनामो 6 व्होल्टचा, जेमतेम 45 वॉटचा. त्याच्या तब्येतीची खबर हा दिवा देतो. त्याचं एक टोक बॅटरीकडे, दुसरं डायनामोकडे. इंजिन बंद असताना डायनामोकडे काहीच नसतं, म्हणून दिवा लागतो. रेस दिली की डायनामो बॅटरीच्या तोडीस तोड येतो, आणि दिवा विझतो. सगळं ठीक आहे, हे तो विझून सांगतो!

या साऱ्यात मला सर्वांत देखणी वाटते ती सुरुवात. डायनामोच्या लोखंडात मागच्या खेपेचं चिमूटभर चुंबकत्व उरलेलं असतं. त्यावर थोडी वीज निघते, ती फील्ड कॉइलमध्ये जाते, चुंबकत्व वाढतं, वीज वाढते. गाडी वर्षानुवर्षं पडून राहिली तर लोखंड हे विसरूनही जातं. मग बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन आठवण करून द्यावी लागते.

कितीही रेस दिली तरी दिवा तसाच लख्ख राहिला, तर डायनामो वीज काढतच नाही : कार्बन झिजलेले, कम्युटेटर काळा, नाहीतर फील्डची वायर तुटलेली. काकांच्या दिव्याचं मात्र वेगळंच. तो विझला, आणि रेस वाढवल्यावर पुन्हा मंद उजळला. घाईत वाचणाऱ्याच्या हातून निसटते ती हीच जागा. हा उजेड उलट्या दिशेचा. डायनामो आता बॅटरीच्या वर गेलाय, पण त्याला आत घेणारं दार बंद आहे.

ते दार म्हणजे कटआउट. गॅरेजात अख्ख्या रेग्युलेटरच्या डब्यालाच कटआउट म्हणतात, पण आत कामं दोन : एक व्होल्टेज आवरतं, दुसरं डायनामो बॅटरीला जोडतं आणि इंजिन थांबलं की तोडतं. डब्याचा स्क्रू गंजून बॉडीशी जोड तुटली की मिस्त्री म्हणतात, ‘अर्थ लागत नाही.’ समीक्षकाला याहून नेमकं काय म्हणता येणार! इथं अर्थ लागत होता. कटआउटचे पॉइंट तेवढे काळे पडले होते. बॅटरीची वायर काढून त्यांनी ते बारीक पॉलिशपेपरनं घासले, स्पिरिटनं पुसले. जिच्या ताणावर सगळं माप ठरतं त्या पत्रीला हात लावला नाही, हे विशेष.

एक मात्र लक्षात ठेवा. चावी दिल्यावर लाल दिवा लागलाच नाही, तर आनंदू नका. बल्ब गेला असेल, किंवा कटआउटचे पॉइंट चिकटून बॅटरी डायनामोत रिकामी होत असेल. आधी बॅटरीची वायर काढा, बल्ब नंतर बघा.