अँटोनायनस नावाचे अनेकजण

आज आम्ही ज्या पुस्तकांची समीक्षा करणार आहोत, ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोणीच वाचत नाही. रोमन साम्राज्याच्या प्रांतांत पडलेल्या नाण्यांचे हे सूचिग्रंथ. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यानं त्यात नाक खुपसावं हा आगाऊपणा आहे, हे मान्य. पण चाळीसएक वर्षं आम्ही ही नाणी हौसेनं जमवली. या ग्रंथांनी आम्हाला पुष्कळदा तारलं आणि एकदा सपशेल तोंडघशी पाडलं, तेव्हा बोलण्याचा थोडा अधिकार आमचाही आहे.

प्रथम नाण्यांविषयी. रोमच्या टाकसाळीतली सोन्याचांदीची नाणी आपल्याला चित्रांतून तरी माहीत असतात. पण साम्राज्याच्या पूर्वेकडच्या शेकडो नगरांनी आपापली तांब्याची, कांस्याची नाणी पाडली. एका बाजूला सम्राटाचं डोकं, दुसऱ्या बाजूला गावचा देव, देऊळ, नदी, क्वचित डोंगर. लेख बहुधा ग्रीक. आणि गंमत बघा, त्यावर गावाचं नाव नसतं, गावकऱ्यांचं असतं, तेही षष्ठीत. ‘एफेसिओन’ म्हणजे इफेसस नव्हे, ‘इफेससकरांचे’. पुणेकर, नाशिककर म्हणणाऱ्या आपल्याला हे चटकन कळतं. इंग्रजी पुस्तकांना मात्र ते दरवेळी समजावून सांगावं लागतं. एकाच नावाची गावंही अनेक. आपल्याकडे वडगाव मावळ आणि वडगाव बुद्रुक, तसं तिथं निकोपोलिस. ‘निकोपोलिस प्रोस इस्त्रोन’ म्हणजे डॅन्यूबकडचं निकोपोलिस. ट्राजाननं वसवलेलं हे नगर आजच्या बल्गेरियात येतं. ही नाणी संग्राहकांच्या भाषेत ‘दुर्बोध’. तिथल्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईला ती मुळीच दुर्बोध नव्हती. दुर्बोधता नाण्यात नाही, आपल्या अंतरात आहे.

आता सूचींकडे वळू. ब्रिटिश म्युझियमनं १८७३पासून ग्रीक नाण्यांचे जे खंड काढले, त्यांची मांडणी प्रदेशानुसार आणि नगरानुसार. म्हणजे नाणं शोधायचं तर नगर आधी माहीत हवं. उलट डेव्हिड सिअर यांच्या १९८२च्या पुस्तकाची मांडणी सम्राटानुसार. म्हणजे सम्राट आधी माहीत हवा. झिजलेलं नाणं हातात घेऊन बसलेल्या माणसाला नेमकं हेच तर माहीत नसतं! नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात, त्याचा इतका रोकडा नमुना आम्हाला वर्गात शिकवायला कधी सापडला नाही. जे सिद्ध करायचं, तेच पुस्तक उघडण्याची अट.

सिअर यांच्या पुस्तकावर राग मात्र धरू नये. किमती देणारं ते बाजाराचं पुस्तक आहे आणि ते काम ते नीट करतं.

आमची फजिती सांगतो. १९८७ साली जर्मनीत एका विक्रेत्याकडून आम्ही निकोपोलिसचं एक नाणं घेतलं. पाकिटावर लिहिलं होतं : काराकल्ला, राज्यपाल फ्लावियस उल्पियानस. चेहरा कोवळा, दाढी नाही. लेखात ‘अँटोनिनोस’ एवढं स्वच्छ, मागच्या बाजूला ‘फाय’ हे अक्षर आणि थोडं पुढे ‘ओमिक्रॉन-उप्सिलॉन’, म्हणजे ‘ऊ’. फ्लावियसचा फाय, उल्पियानसचा ऊ. जमलं की! पुढं १९९६ साली आम्ही त्या नाण्यावर एक निबंधच लिहिला. विषय नाव आणि व्यक्ती यांच्या नात्याचा. २११ साली सख्ख्या भावाला, गेटाला, मारवणारा आणि त्याचं नाव शिलालेखांतून, नाण्यांवरून खरडून काढू देणारा हा माणूस. त्याचा हा निरागस चेहरा. तेव्हा आम्हाला तो निबंध फार आवडला होता.

२००९च्या पावसाळ्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. तो आता नाण्यांचाच अभ्यास करतो. त्यानं खिडकीशी नाणं आडवं धरलं, उजेड कडेनं पडू दिला आणि म्हणाला, “सर, फायच्या आधीसुद्धा ऊ आहे.” आम्ही भिंग घेतलं. होता. उल्पियानसच्या लेखात फायच्या आधी ऊ असूच शकत नाही. तिथं हुद्द्याच्या संक्षेपातली अक्षरं येतात. ऊ, फाय, ऊ असा क्रम लागतो तो ‘रूफू’मध्ये, म्हणजे ‘नोवियस रूफस यांच्या कारकिर्दीत’. हा रूफस राज्यपाल होता तो एलागाबालसच्या काळात. म्हणजे आमचा भ्रातृघातकी सम्राट भलताच पोरगा निघाला.

आता इथं ‘डोळे कमजोर’ म्हणून सुटका नाही. काराकल्ला आणि एलागाबालस दोघांचंही अधिकृत नाव मार्कस ऑरेलियस अँटोनायनस. दोघंही ‘अँटोनिनोस’च. इतकंच काय, अँटोनायनस पायस, मार्कस ऑरेलियस, कोमोडस यांच्या नाण्यांवरही हे नाव येतं. आणि हे अपघातानं झालेलं नाही. २१८ साली एलागाबालसची आजी जुलिया मेसा हिनं हा पोरगा काराकल्लाचाच मुलगा आहे, अशी आवई उठवली आणि सैन्य फिरवलं. लोकांनी दोघांत गल्लत करावी हीच तर राजवटीची इच्छा होती! आम्ही १८०० वर्षांनंतर त्या प्रचाराला बळी पडलो, एवढंच. न्यायाच्या परिभाषेत ‘अँटोनिनोस’ हा सव्यभिचार हेतू. तो जिथं साध्य आहे तिथंही असतो आणि नाही तिथंही असतो. कोवळा चेहराही तसाच, कारण काराकल्लाही लहान होता तेव्हा नाण्यांवर बिनदाढीचाच आहे. शिवाय कोनराड क्राफ्ट यांनी १९७२ साली दाखवून दिलं, की आशिया मायनरमध्ये सम्राटाच्या चेहऱ्याचा एकच साचा अनेक नगरं वापरत. म्हणजे चेहऱ्यावरून गावही ठरत नाही. निकोपोलिसपुरता अव्यभिचारी हेतू उरतो तो राज्यपालाचं नाव. तेच सगळ्यात बारीक अक्षरांत, कडेला आणि सगळ्यात आधी झिजणारं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर नाशिकजवळच्या जोगळटेंभीचं. १९०६ साली तिथं नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. नाव एकच, चेहरे मात्र इतके वेगळे, की सगळे एकाच माणसाचे का, असा प्रश्न पडावा. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारला आहे. तिथंही खालचं नाव वाचायचं तर वरचा ठसा आधी बाजूला सारावा लागतो.

‘रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज’ या प्रकल्पाचा पहिला खंड १९९२ साली आला. बर्नेट, आमांद्री आणि रिपोयेस हे त्याचे कर्ते. त्यांनी नगर आणि सम्राट दोन्ही एका मांडणीत बसवले, आणि जिथं टाकसाळ ठरत नाही तिथं ‘अनिश्चित’ असं सरळ छापलं. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. आता हा प्रकल्प संगणकावर आल्यामुळे लेखाचे दोन-तीन तुकडे टाकून शोधता येतं. अन्योन्याश्रयाची गाठ तिथं खरोखरच सैल झाली.

पण आमची तक्रार इथंच सुरू होते. एका प्रकाराच्या नोंदीत जो लेख छापतात, तो अनेक नमुन्यांवरून जुळवलेला पूर्ण लेख असतो. एका नमुन्यावर तीन अक्षरं दिसतात, दुसऱ्यावर पाच. सूचीला तसंच करावं लागतं, दोष तिचा नाही. पण आपण घरी बसून तो पूर्ण लेख पाहतो आणि तोच आपल्या नाण्यावर वाचतो. १९८७ साली आमच्या हातात संगणक नव्हता, विक्रेत्याचं पाकीट होतं. व्यवहार मात्र तोच. आम्ही फाय आणि ऊ पाहिले आणि बाकीची अक्षरं पाकिटावरून उचलली. आता चित्राशी चित्र जुळवणारी मंडळी तर अक्षरांपर्यंत पोचतच नाहीत. पहिलं सारखं चित्र दिसलं की क्रमांक लिहिला, मोकळे. या प्रकल्पाचा पाचवा भाग २१८ साली संपतो आणि सहावा तिथूनच सुरू होतो. म्हणजे काराकल्ला एका भागात, एलागाबालस दुसऱ्यात. चुकीच्या भागात शिरलात तर सगळं नेटकं जुळत जातं आणि शंका येण्याचं कारणच उरत नाही. आमच्या मते प्रत्येक नोंदीत एक ओळ अशी हवी : ‘हे नाणं अमुक नाण्याशी गोंधळतं, फरक अमुक अक्षरात.’ बेहरेन्ट पिक यांच्या १८९८च्या मोएशियावरच्या ग्रंथात चित्रं मोजकीच आहेत, त्यामुळे वाचकाला झक मारत अक्षरं वाचावी लागतात. ती गैरसोय आम्हाला आज सोय वाटते.

तो निबंध आम्ही परत छापला नाही. नाणं आहे. चिठ्ठी बदलली आहे. तिच्यावर आता दिसणारीच अक्षरं लिहिली आहेत, न दिसणाऱ्यांच्या जागी टिंबं. मागच्या बाजूची देवी कोण, याविषयी आमचा आणि त्या विद्यार्थ्याचा अजून मतभेद आहे. तो नाइकी म्हणतो. आम्हाला तिच्या हातात माळ दिसत नाही.