निर्मितिक्षम कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मराठी संशोधनातील संदर्भ : एक चिकित्सा

प्रस्तावना :
३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले. तेव्हापासून निबंध, अनुवाद, सारांश इतकेच नव्हे, तर कविताही यंत्राकडून लिहून घेता येऊ लागली. या तंत्रज्ञानाची चर्चा बहुधा ‘वरदान की शाप’ या ठरीव चौकटीत होते. प्रस्तुत लेखात ती चौकट बाजूला ठेवून केवळ संदर्भाच्या विश्वासार्हतेचा विचार केला आहे.

लाभ :
२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. उच्च शिक्षणातील वाचनसामग्री मात्र मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत आहे. ग्रामीण विद्यार्थ्याला कठीण इंग्रजी लेखाचा आशय मराठीत समजून घेता येणे, हा लाभ नाकारण्याजोगा नाही.

धोका :
ही प्रारूपे मूलतः आधीच्या मजकुरावरून पुढील संभाव्य शब्द ठरवितात. वाक्य सफाईदार असणे आणि विधान सत्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात ‘माटा विरुद्ध अव्हियांका’ या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले. न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. निवाडे सूचिबद्ध असतात, म्हणून ही बनावट उघडकीस आली.

मराठी समीक्षेची स्थिती वेगळी आहे. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’सारखी थोर कामे आपल्याकडे झाली, तथापि जुन्या नियतकालिकांतील कितीतरी लेखन आजही केवळ ग्रंथालयांच्या कपाटांत आहे. जे यंत्राने वाचलेले नाही, त्याविषयीही ते आत्मविश्वासाने लिहिते. एका पदव्युत्तर प्रकल्पाच्या संदर्भसूचीत नामवंत समीक्षकाचे एक पुस्तक आढळले. लेखक खरा, प्रकाशनसंस्था खरी, शीर्षकही शोभेसे. पुस्तक मात्र कधी निघालेलेच नव्हते. हे निश्चित करण्यास प्रस्तुत लेखकास ग्रंथालयात दोन दिवस घालवावे लागले.

आव्हान :
येथे सर्व दोष यंत्राच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या प्रबंधातून संदर्भ उचलण्याची सवय आपल्याकडे यंत्रापूर्वीची आहे. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली गेली. संदर्भ पडताळण्याच्या श्रमाला मात्र कोणी गुण दिले नाहीत. यंत्राने ही सवय केवळ अधिक सुलभ केली. असा एक खोटा संदर्भ छापला गेला की पुढील अभ्यासक तो उद्धृत करतो आणि कालांतराने तोच पुरावा ठरतो.

समारोप :
म्हणून बंदी हा उपाय पुरेसा नाही. मौखिक परीक्षेत विद्यार्थ्याने किमान दोन संदर्भग्रंथ वा त्यांतील पृष्ठांच्या प्रती समोर ठेवाव्यात, यंत्राचे साहाय्य घेतले असल्यास तसे नमूद करावे आणि महाविद्यालयांनी आपल्याकडील जुन्या नियतकालिकांच्या सूची सिद्ध कराव्यात. मात्र हा नियम विद्यार्थ्यांना लावण्यापूर्वी आपण अध्यापकांनी तो स्वतःच्या शोधनिबंधांना लावणे अगत्याचे आहे.