पाठमोरी माणसे आणि सरकारी नावे

युद्धातील जुन्या छायाचित्रांमधील माणसे ओळखणे हा निवृत्त अधिकाऱ्यांचा आणि हौशी संग्राहकांचा उद्योग आहे, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, असे आपल्याकडे मानले जाते. मला हे मान्य नाही. छायाचित्राखाली छापलेली ओळ हाही एक मजकूरच असतो. तो कोणीतरी लिहितो, कोणीतरी त्यावर शिक्का मारतो, आणि एकदा छापला गेला की इतिहास म्हणून पुढच्या पिढ्यांच्या गळी उतरवला जातो. ज्यांची नावे शतकानुशतके दुसऱ्यांनी लिहिली, किंवा लिहिलीच नाहीत, त्या समाजातून आलेल्या वाचकाने तरी हा मजकूर तपासल्यावाचून सोडू नये. त्यासाठी येथे एक छायाचित्र घेतो. ते जगभर माहीत आहे आणि त्याखालच्या नावांची दुरुस्ती पूर्ण व्हायला ७४ वर्षे लागली.

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या इवो जिमा बेटावरील सुरिबाची डोंगरावर अमेरिकेच्या मरीन दलाच्या सैनिकांनी राष्ट्रध्वज उभारला. असोसिएटेड प्रेसचा छायाचित्रकार जो रोझेन्थल याने तो क्षण टिपला. तो त्या दिवशीचा दुसरा ध्वज होता. सकाळी लावलेला पहिला लहान होता, म्हणून बेटभर दिसेल असा मोठा आणवला गेला. पहिल्या ध्वजाची छायाचित्रे लुई लोअरी या दुसऱ्याच छायाचित्रकाराने काढली होती. त्या दिवशी माथ्यावर दोन ध्वज आणि दोन गट होते, काही माणसे दोन्हीकडे वावरत होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा गोंधळ समजतो. रोझेन्थलने कोणाची नावे टिपून घेतली नाहीत. लढाई चालूच होती.

चित्रात सहा माणसे आहेत. कोणी पाठमोरा, कोणाचा चेहरा हाताआड, कोणाचा हेल्मेटखाली. २५ तारखेच्या रविवारी ते अमेरिकेतील वर्तमानपत्रांत झळकले आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी या सैनिकांना शोधून मायदेशी आणण्याचा आदेश दिला. कारण उघड होते. सातव्या युद्धकर्जाचे रोखे विकायचे होते, उद्दिष्ट १४ अब्ज डॉलरचे होते आणि त्यासाठी चालतेबोलते वीर हवे होते. येथे माझा पहिला आक्षेप आहे. चित्र नीट वाचले जाण्यापूर्वीच नावांची मागणी आली होती, आणि ती बाजाराची मागणी होती.

रेने गॅग्नन या तरुण सैनिकाला आधी आणले गेले. चित्राची मोठी प्रत पुढे ठेवून त्याने नावे सांगितली: तो स्वतः, नौदलाचा वैद्यकीय सेवक जॉन ब्रॅडली, आणि लढाईत मारले गेलेले माइक स्ट्रँक, फ्रँकलिन साउस्ली व हेन्री हॅन्सन. सहावे नाव तो सांगेना. त्या माणसाने त्याला बजावून ठेवले होते. दडपण आल्यावर त्याने तेही सांगितले. ते नाव होते आयरा हेज.

हेज हा ॲरिझोनातील पीमा या मूळनिवासी समाजाचा. जन्म १९२३चा. गिला नदीच्या पाण्यावर कालवे काढून पिढ्यानपिढ्या शेती करणारा हा समाज. वरच्या अंगाला गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवले आणि खालची शेते कोरडी पडली. पाणवठ्याचे राजकारण आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या ध्वजासाठी हेज लढला त्या देशाच्या ॲरिझोना राज्यात राखीव वस्तीतील मूळनिवासींना मतदान करू दिले जात नव्हते. तेथील न्यायालयाने ती बंदी उठवली ती १९४८ साली. म्हणजे छायाचित्रातला वीर मतदार नव्हता.

एप्रिल १९४५मध्ये हेज वॉशिंग्टनला आला. नावे पाहताच त्याने अधिकाऱ्याला सांगितले की खांबाच्या बुडाशी वाकलेला माणूस हॅन्सन नसून हार्लन ब्लॉक आहे. उत्तर मिळाले की नावे जाहीर झाली आहेत, दोघेही मेले आहेत, तेव्हा गप्प राहावे. इकडे टेक्सासमध्ये ब्लॉकच्या आईने वर्तमानपत्रातील ती वाकलेली पाठ पाहून हा आपलाच मुलगा असे आधीच सांगितले होते. चेहरा दिसत नाही, मग कसे ओळखलेस, असे घरचे म्हणत राहिले. आईने पाठीवरून ओळखले हा पुरावा कोणत्याही कार्यालयात चालत नाही. येथे तोच खरा होता.

रोखेविक्रीच्या दौऱ्यात गावोगावच्या मेजवान्यांत हेज पिऊ लागला आणि त्याला मध्येच पलटणीत परत धाडले गेले. विक्री मात्र २६ अब्ज डॉलरवर गेली. युद्ध संपल्यावर १९४६ साली तो आपल्या वस्तीतून निघाला आणि वाटेत भेटेल त्या मोटारीला हात दाखवत, कधी पायी, सुमारे १३०० मैल तुडवून ब्लॉकच्या वडिलांच्या शेतावर पोहोचला. तुमचा मुलगा त्या चित्रात आहे एवढे सांगायला. मग आईने लोकप्रतिनिधीला पत्र लिहिले, चौकशी बसली, आणि १९४७ साली मरीन दलाने ब्लॉकचे नाव मान्य केले.

हेजवर पुढे पुष्कळ लिहिले गेले. पीटर ला फार्जचे गीत जॉनी कॅशने १९६४ साली गायिले. त्यात पाण्याच्या चोरीचा उल्लेख येतो, हे त्याचे श्रेय. १९६१च्या ‘दि आउटसायडर’ चित्रपटात हेजची भूमिका टोनी कर्टिस या गोऱ्या नटाला दिली गेली, यावर वेगळे भाष्य नको. परंतु गीतातला हेज दारूने खचलेला, कीव करण्याजोगा आहे. टेक्सासची वाट त्यात नाही. आमच्याकडे दलितांविषयी कणव बाळगणाऱ्या मध्यमवर्गीय कथेने नेमके हेच केले होते. दुःख घेतले, साक्ष टाकून दिली. दारू खरी आहे, ती लपवू नये. पण वरिष्ठाने गप्प राहा म्हटल्यावरही १३०० मैल जाऊन सत्य सांगणारा माणूस हा आधी साक्षीदार आहे, आणि समीक्षेने त्याला त्याच नात्याने वाचले पाहिजे.

नावांचा प्रश्न १९४७ साली मिटला नव्हता. २०१४ साली काही हौशी अभ्यासकांनी त्या दिवसाची सगळी छायाचित्रे एकापुढे एक ठेवली. ब्रॅडलीच्या पँटचे पाय इतर चित्रांत दुमडलेले आहेत. या चित्रातील माणसाचे नाहीत. या माणसाच्या कमरेला काडतुसांचा पट्टा आणि तारा कापायची पक्कड आहे. वैद्यकीय सेवकाकडे ती कशाला? एकाच्या हेल्मेटचा पट्टा तुटून डावीकडे लोंबतो आहे, तसाच तो हॅरल्ड शुल्झच्या दुसऱ्या चित्रात लोंबतो. जून २०१६मध्ये मरीन दलाने मान्य केले की ब्रॅडली चित्रात नव्हता, शुल्झ होता. ऑक्टोबर २०१९मध्ये गॅग्ननचेही नाव गेले. बोटातील अंगठी आणि बिल जेनॉस्टने शेजारून घेतलेली चित्रफीत यांच्या आधारे तेथे हॅरल्ड केलर ठरला. शुल्झ पोस्टात नोकरी करून १९९५ साली वारला, केलर १९७९ साली. दोघांनी आपले नाव कधी मागितले नाही. ब्रॅडलीच्या मुलाने २००० साली लिहिलेले ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’ हे गाजलेले पुस्तक मात्र वडील चित्रात आहेत या ओळीवर उभे आहे.

ही वाचनाची रीत मला आमच्या पदवीच्या वर्गात शिकवावीशी वाटते. आधी ओळ झाकायची, मग पट्टा, दुमड, अंगठी पाहायची, आणि शेवटी ओळ वाचायची. आमच्यातील काही मित्र म्हणतील की हा गुप्तहेराचा खेळ झाला, यात विद्रोह कोठे? अधिकृत नावाला पुरावा मागणे हा विद्रोह नसेल, तर घोषणा देऊन तरी काय साधणार? कोरेगावच्या स्तंभावर चेहरे नाहीत, नावे आहेत. त्या नावांच्या शेवटच्या ‘नाक’वरूनच आपण आपली माणसे ओळखली.

या रीतीलाही मर्यादा आहे. चौकटीत जो आलाच नाही तो पट्ट्यावरून सापडत नाही. विसाव्या शतकात मरीन दलाचे दार कृष्णवर्णीयांना उघडले ते १९४२ साली, आणि तेही वेगळ्या तुकड्यांपुरते. इवो जिमाच्या किनाऱ्यावर गोळीबारात दारूगोळा वाहून नेणाऱ्या तुकड्या त्यांच्या होत्या. क्लिंट ईस्टवूडच्या २००६च्या चित्रपटात ते दिसत नाहीत अशी जाहीर टीका स्पाइक ली याने २००८ साली केली; प्रत्यक्षात ते ओझरते दिसतात. दारूगोळा वाहणाऱ्यांना नावानिशी शोधून आणा, असा आदेश कोणा राष्ट्राध्यक्षाने काढला नव्हता.

१० नोव्हेंबर १९५४ रोजी आर्लिंग्टनला या चित्राचे भव्य कांस्यशिल्प उभे राहिले. तेव्हा हयात समजले जाणारे तिघे, हेज, ब्रॅडली आणि गॅग्नन, शिल्पकार फेलिक्स द वेल्डन याच्यासमोर बसले होते आणि त्यांचे चेहरे शिल्पात उतरले. समारंभाला हेज हजर होता. अडीच महिन्यांनी, २४ जानेवारी १९५५ रोजी, गिलाच्या वस्तीत एका ओसाड झोपडीजवळ थंडीत तो मरून पडलेला सापडला. वय ३२. त्याला आर्लिंग्टनच्याच लष्करी दफनभूमीत पुरले. शिल्पातील तिघांपैकी दोघांची नावे पुढे कागदावरून निघाली. कांस्यातले त्यांचे चेहरे तेथेच आहेत.