रोलर कोस्टरवर हेडसेट: काय मिळालं, काय गेलं

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, करमणुकीच्या पार्कातल्या एका खेळण्यावर व्याख्यान कशाला? पण नाटकाची, सिनेमाची, इमारतींची समीक्षा आपण करतोच ना? रोलर कोस्टर हीसुद्धा कुणीतरी विचार करून केलेली रचना असते. कुठं चढवायचं, कुठं थांबवायचं, कुठं पोटात गोळा आणायचा, हे सगळं आधी ठरलेलं असतं. या रचनेवर २०१५ नंतर एक मोठा प्रयोग झाला. बसणाऱ्याच्या डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवला गेला. बऱ्याच ठिकाणी तो गाजावाजा करून आला आणि दोन-तीन वर्षांत गुपचूप निघून गेला. तो का गेला, हे आज आपल्याला पाहायचंय.

आधी थोडा घटनाक्रम. जर्मनीतल्या रुस्ट गावी ‘युरोपा-पार्क’ आहे. तिथल्या ‘आल्पेनएक्सप्रेस’ या १९८४ सालच्या, तशा सौम्य कोस्टरवर २०१५ मध्ये हेडसेट आले. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, इंग्लंडच्या ‘अल्टन टॉवर्स’नं आपला ‘एअर’ हा कोस्टर ‘गॅलॅक्टिका’ या नावानं हेडसेटसह पुन्हा उघडला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ‘सिक्स फ्लॅग्स’नं आपल्या नऊ पार्कांत ही सोय जाहीर केली. २०१७ मध्ये ऑरलँडोच्या ‘सीवर्ल्ड’नं ‘क्रॅकन’ या कोस्टरवर हेडसेट लावले आणि साधारण वर्षभरातच काढून टाकले. ‘गॅलॅक्टिका’वरचेही हेडसेट काही हंगामांनंतर गेले.

आता या कल्पनेत शहाणपण काय होतं, ते आधी प्रामाणिकपणे सांगायला हवं. घाटातून जाणाऱ्या एसटीत पुस्तक वाचायला घेतलं की मळमळायला लागतं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं. ते सांगतं, आपण वळतोय. डोळे सांगतात, आपण स्थिर आहोत. या भांडणातून गाडी लागते. घरी खुर्चीवर बसून व्हीआर पाहताना नेमकं उलटं घडतं. डोळे धावतात आणि शरीर जागेवरच असतं. मग कोस्टरवाल्यांनी विचार केला, की शरीराला खरीच गती द्यावी आणि चित्र त्या गतीला बांधावं, म्हणजे भांडण मिटेल. हा विचार चांगलाच होता.

तो अमलात आणणं मात्र सोपं नव्हतं. हेडसेटमधला संवेदक मान वळली की ओळखतो, पण गाडी वळली तरी त्याला तसंच वाटतं. मान वळली की गाडी, हे त्याला एकट्याला कळत नाही. म्हणून गाडी रुळावर नेमकी कुठं आहे ते मोजून प्रत्येक हेडसेटला क्षणाक्षणाला कळवावं लागतं. चित्र जरा मागं पडलं, तर मिटवायला निघालेलं भांडण उलट वाढतं. ‘आल्पेनएक्सप्रेस’वर सिनेमा रुळाच्या वळणांवरूनच बेतला होता. छोट्याशा उताराला चित्रात मोठ्या दरीचं रूप देता येत होतं. सौम्य गाडीला त्यानं नवं बळ दिलं.

पण तांत्रिक अडचण सुटली म्हणजे रचना चांगली झाली, असं होत नाही. आमची खरी तक्रार इथून सुरू होते.

‘गॅलॅक्टिका’चंच घ्या. मूळचा ‘एअर’ २००२ साली आला तो ‘फ्लाइंग’ प्रकारचा कोस्टर म्हणून. यात माणसाला पालथं, जमिनीकडे तोंड करून झोपवतात. का? तर पक्ष्यासारखं उडाल्याचं वाटावं म्हणून. खाली गवत सरकतंय, जमीन अंगावर येतेय आणि ऐन वेळी दूर जातेय. उडणं कळतं ते जमिनीमुळं. आता त्याच माणसाच्या डोळ्यांपुढं अंतराळ ठेवलं. अंतराळात खालीही काही नाही, वरही काही नाही. रचनाकारानं ज्या जमिनीच्या भरवशावर सगळा बेत केला, तीच पुसून टाकली. गती तेवढीच राहिली, पण ती मोजायला काही उरलं नाही.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. ‘सिक्स फ्लॅग्स मॅजिक माउंटन’मधला ‘रिव्होल्यूशन’ १९७६ साली सुरू झाला. आधुनिक पोलादी कोस्टरमध्ये उभा पूर्ण फेरा घेणारा तो पहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोल फेऱ्याचे प्रयोग झाले होते, पण पूर्ण वर्तुळात शिरताना एकदम इतका दाब यायचा की मानेला हिसके बसायचे. ‘रिव्होल्यूशन’चा फेरा थेंबाच्या आकाराचा आहे, खाली पसरट आणि वर आवळलेला. त्यामुळं दाब हळूहळू वाढतो आणि शरीराला तो सोसतो. म्हणजे अभियांत्रिकीच्या इतिहासातलं एक वळण तिथं झाडीत उभं आहे, आणि गाडी त्याच्याकडे जाताना ते डोळ्यांना दिसतं. २०१६ मध्ये तिथं हेडसेट आला. आता बसणारा लढाऊ विमानात आहे आणि परग्रहावरून आलेल्यांशी लढतोय. मग तो फेरा काय उरला? विमानानं घेतलेली एक गिरकी! गोष्ट आली, पण त्या गोष्टीला त्या रुळाची गरजच नव्हती. दुसऱ्या कुठल्याही रुळावर ती तशीच चालली असती.

कोस्टरची भीती म्हणजे नुसता हिसका नाही, हे आपण लक्षात घेऊ. साखळी खडखडत गाडी वर नेते, समोर रूळ संपल्यासारखा दिसतो, आणि पुढं काय होणार हे आपल्याला कळलेलं असतं. डोळ्यांना आधी दिसतं, मग ते अंगावर घडतं. दिसणं आणि घडणं यांच्यामधल्या त्या दोन-चार क्षणांत सगळी गंमत असते. हेडसेटनं हिसका ठेवला, पण ती वाट पाहणं दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीला जोडून दिलं.

आता रांगेकडे वळू. ही बाब समीक्षेबाहेरची वाटेल, पण तशी नाही. समजा, चोवीस जणांची गाडी दर दीड मिनिटाला सुटते. तासाला ९६० माणसं झाली. हेडसेट पुसायचा, पट्टा आवळायचा, चित्र नीट दिसतंय का विचारायचं, यात तेच अंतर तीन मिनिटांवर गेलं, की ४८०. तासाभराची रांग दोन तासांची होते. उन्हात उभं राहायचं प्रेक्षकांनी, आणि दिवसभर पट्टे आवळत, भिंगं पुसत राहायचं फलाटावरच्या कामगारांनी. जुन्या रुळावर नवा सिनेमा लावणं हे नवा कोस्टर बांधण्यापेक्षा स्वस्त, हा हिशेब व्यवस्थापनाचा. वाचलेल्या पैशांची किंमत दुसऱ्यांच्या वेळेतून वसूल झाली.

आणि शेजारी? आपल्याकडे जत्रेतल्या पाळण्यात बसलेला माणूस शेजारच्याचा हात धरतो, खाली उभ्या घरच्यांना हाका मारतो, आणि खालचे त्याच्याकडे पाहून हसतात. कोस्टरही तसाच चारचौघांतला खेळ आहे. हेडसेट घातलेल्याला शेजाऱ्याची किंकाळी ऐकू येते, पण चेहरा दिसत नाही. खालून हात हलवणारी आई तर नाहीच. चोवीस माणसं एका गाडीत आणि चोवीस जण एकटे.

यावर कुणी म्हणेल, कोस्टरवर चित्रं दाखवणं हा काय नवा गुन्हा आहे? नाहीच. लामार्कस थॉम्प्सन यांनी १८८४ मध्ये कोनी आयलंडवर पाच सेंट तिकिटाची आपली गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर होता. पुढं याच थॉम्प्सननी ‘सीनिक रेल्वे’ आणली. तिच्या बोगद्यांत दूरदेशींचे रंगवलेले देखावे असायचे. म्हणजे कल्पनेचा प्रवास या खेळात जवळजवळ पहिल्यापासून आहे. पण ते देखावे रुळाच्या कडेला होते. गाडीतल्या सगळ्यांना ते एकदमच दिसायचे, आणि बोगदा संपला की पुन्हा आकाश असायचं. फरक आहे तो इथं.

मग हेडसेटला कोस्टरवर जागाच नाही का? आहे. युरोपा-पार्कचा ‘युरोसॅट’ मुळातच बंद गोलाच्या आत, अंधारात धावतो. २०१८ मध्ये तो नव्यानं उघडला, तेव्हा व्हीआरची फेरी ऐच्छिक ठेवली आणि तिची व्यवस्थाही वेगळी केली. ज्याला हेडसेट नको, त्याला त्यासाठी खोळंबावं लागत नाही. आणि अंधारात पुसायला जमीनही नाही, आकाशही नाही. रुळानं जी जागा मोकळी सोडली होती, तिथं चित्र बसवलं. हे आम्हाला पटतं.

म्हणून कसोटी साधी ठेवू. पुढं कुठल्या पार्कात अशी पाटी दिसली, की दोन प्रश्न विचारायचे. हा सिनेमा याच रुळासाठी आहे, की कुठल्याही रुळावर चालेल? आणि तो दाखवण्यासाठी आपल्यापासून काय झाकलं जातंय? पहिल्याचं उत्तर ‘याच रुळासाठी’ आणि दुसऱ्याचं ‘फारसं काही नाही’ असं असेल, तर खुशाल घाला हेडसेट. नाहीतर डोळे उघडे ठेवून बसा. तिकिटाच्या पैशात तो देखावाही धरलेला आहे.

इथं थांबतो.